मांडीवरचं बाळ आणि विमानप्रवास: तिकीट काढण्यापासून उतरेपर्यंत

मुलगी सात महिन्यांची असताना तिला घेऊन पहिल्यांदा विमानात बसले, तेव्हा मला दोनच गोष्टींची धास्ती होती. तिचे कान दुखतील आणि ती रडून सगळं विमान डोक्यावर घेईल. दोन्ही झालं आणि दोन्हीतून आम्ही पार पडलो. जे मनातही आलं नव्हतं ते मात्र थोडक्यात टळलं. मी वाटेलगतच्या सीटवर, मुलगी मांडीवर, आणि खिडकीजवळच्या प्रवाशासाठी मागवलेला चहाचा कप तिच्या डोक्यावरून पलीकडे चाललेला. तिने नेमका तेव्हाच हात उंचावला. कप कलंडला तो माझ्या गुडघ्यावर. चार बोटं इकडे पडला असता तर तिच्या मानेवर.

तेव्हापासून प्रवासाची तयारी करताना मी भीतीची यादी वेगळ्या क्रमाने लावते. विमान कोसळणं फार विरळा. विमानात लहान मुलांना इजा होते ती बहुतेक वेळा गरम चहा-कॉफी आणि जेवण सांडून, वाटेतून जाणाऱ्या ट्रॉलीने, वरच्या कप्प्यातून पडलेल्या बॅगेने, किंवा हवेत अचानक बसलेल्या हादऱ्याने. कान दुखणं बाळाला त्रासाचं, पण ते उतरल्यावर बहुधा थांबतं. म्हणून हा लेख प्रवासाच्या क्रमाने लिहिला असला तरी सगळ्या टप्प्यांवर सारखा रेंगाळणार नाही.

पहिली पायरी: बाळ प्रवासाला तयार आहे का?

विमान ३५,००० फुटांवर उडत असलं तरी आतला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच राहतं, पण दाब उतरल्यामुळे शरीराला मिळतो तो समुद्रसपाटीवर १५ टक्के ऑक्सिजनच्या हवेत श्वास घ्यावा तितकाच. धडधाकट बाळाला एवढं सहज झेपतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं मात्र अजून बाहेरच्या जगाशी जुळवून घेत असतात. त्यामुळे पहिले दोन दिवस प्रवास नकोच, आणि बऱ्याच विमान कंपन्या सात दिवसांच्या, काही तर चौदा दिवसांच्या आतल्या बाळाला घेत नाहीत किंवा डॉक्टरांचं पत्र मागतात. नियम तिकीट काढण्याआधी वाचा, विमानतळावर नव्हे.

प्रवास पुढे ढकलता येत असेल तर मी दोन-तीन महिने थांबेन. कारण विमानापेक्षा ताप हे आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर तो साधा समजून घरी थांबता येत नाही, लगेच डॉक्टरांकडे न्यावं लागतं. परक्या गावात मध्यरात्री दवाखाना शोधत फिरण्याची वेळ कशाला आणायची?

बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असेल, रक्त कमी असेल, कधी ऑक्सिजन लावावा लागला असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नका. काही मोठ्या रुग्णालयांत एक तपासणी करतात. बाळाला थोडा वेळ १५ टक्के ऑक्सिजनची हवा देतात आणि रक्तातला ऑक्सिजन किती उतरतो ते पाहतात. त्यावरून विमानात जादा ऑक्सिजन लागेल का, ते आधीच कळतं. वेळेआधी आलेल्या बाळाचं वय जन्मतारखेवरून न मोजता मूळ प्रसूतीच्या तारखेवरून धरायचं, हेही लक्षात असू द्या.

सर्दी असेल किंवा कानाला संसर्ग झाला असेल, तर निघण्यापूर्वी कान तपासून घ्या. परदेशी जात असाल तर लसींबद्दलही विचारा. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेश प्रवासापूर्वी गोवराच्या लसीचा एक जादा डोस देण्याचा सल्ला दिला जातो, आणि तो निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी द्यायचा असतो.

दुसरी पायरी: मांडी की वेगळी सीट?

या टप्प्यावर सगळ्यात जास्त विचार करा, कारण बहुतेक जण इथे फक्त पैशांचा हिशोब करतात. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर घेऊन जायला जवळपास सगळीकडे परवानगी आहे. पण परवानगी आहे म्हणजे ते सुरक्षित आहे असं नाही. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए स्वतःच सांगते की विमानात बाळासाठी सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे मान्यताप्राप्त कार सीट, आईबापाची मांडी नव्हे.

‘मी घट्ट धरून ठेवेन’ असं आपण म्हणतो. धरून किती ठेवता येईल, ते आकड्यांत पाहा. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं एसक्यू ३२१ हे विमान म्यानमारवर असताना जोरदार हादऱ्यात सापडलं. तपासात दिसलं की विमानातलं वजन जाणवण्याचं माप, म्हणजे ‘जी’ (जमिनीवर ते १ असतं), सहा दशांश सेकंदात १.३५ वरून उणे १.५ वर गेलं. उणे १.५ म्हणजे आठ किलोचं बाळ हातातून वर छताकडे बारा किलोच्या ओढीने निघालेलं. डोळ्यांची पापणी मिटून उघडेपर्यंत हे होऊन जातं. त्या विमानात पट्टा न बांधलेली मोठी माणसं छतावर आदळली. विमानाच्या सीट तर १६ जीपर्यंतचा समोरचा धक्का सोसेल अशा तपासतात. तेवढ्या धक्क्यात आठ किलोच्या बाळाचं ओझं सव्वाशे किलोंच्या वर जातं. ते कोणत्याच आईच्या हातांना पेलणार नाही. यात माया कमी-जास्त असण्याचा प्रश्नच येत नाही.

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत आयोवामधल्या सू सिटी इथे युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं विमान कोसळलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. त्या विमानात मांडीवरची चार मुलं होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे प्रमुख हवाईसेविका जॅन ब्राउन यांनी आईवडिलांना सांगितलं की मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून राहा. धक्क्यात ते शक्य झालं नाही. चारांतलं एक मूल गेलं. जॅन ब्राउन यांनी पुढची अनेक वर्षं बाळांना वेगळी सीट सक्तीची करावी म्हणून पाठपुरावा केला. २००५ मध्ये एफएएने सक्ती न करण्याचं ठरवलं. कारण असं दिलं की तिकिटाचा खर्च वाढला तर कुटुंबं विमान सोडून मोटारीने जातील आणि रस्त्यावर त्याहून जास्त जीव जातील. हिशोब म्हणून तो युक्तिवाद मला पटतो. पण तो सगळ्या देशाचा हिशोब आहे. तुम्ही तिकीट काढून बसला असाल, तर तुमच्या बाळासाठी कार सीटच बरी.

सगळ्यांना वेगळी सीट परवडत नाही, आम्हालाही दर वेळी परवडली नाही. मग निदान गर्दी कमी असलेली वेळ निवडा, कार सीट बरोबर न्या आणि चेक-इनला नम्रपणे विचारा, ‘शेजारची सीट रिकामी राहतेय का?’ राहत असेल तर बऱ्याच कंपन्या तिथे बाळाला बसवू देतात. नसेल तर कार सीट सामानात जाते, उतरल्यावर मोटारीत लागणारच असते. आणखी एक: प्रवासाच्या मध्येच बाळाला दोन वर्षं पूर्ण होणार असतील तर परतीला त्याचं वेगळं तिकीट लागतं.

तिसरी पायरी: कार सीट नेणार असाल तर

प्रत्येक कार सीट विमानात चालत नाही. तिच्यावरचा मजकूर वाचा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सीटवर ती मोटार आणि विमान दोन्हींसाठी प्रमाणित असल्याचं लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. इतर ठिकाणी विमान कंपनीला मॉडेल कळवून लेखी होकार घ्या. रुंदी मोजा. विमानाच्या सीट साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर रुंद असतात, त्याहून रुंद कार सीट हातांच्या दांड्यांमध्ये अडकते. मोठ्या मुलांची नुसती उंची वाढवणारी बूस्टर सीट इथे निरुपयोगी, कारण तिला खांद्यावरून जाणारा पट्टा लागतो आणि विमानात असतो तो फक्त कमरेचा.

लहान बाळ मागे तोंड करून बसवायचं. ते कधीपर्यंत, हे तुमच्या सीटच्या पुस्तिकेत वजनासह दिलेलं असतं. कार सीट खिडकीजवळ लावतात, म्हणजे पळायची वेळ आली तर कुणाची वाट अडत नाही. आपत्कालीन दाराच्या रांगेत आणि तिच्या लगतच्या पुढच्या-मागच्या रांगांत ती लावू देत नाहीत. बसवताना गुडघ्याने दाबून पट्टा ओढा, नंतर हलवून पाहा. डुगडुगत असेल तर परत ओढा. हे विमानात पहिल्यांदा करायला गेलात तर मागे रांग लागते आणि घाम फुटतो. घरच्या मोटारीत फक्त कमरेचा पट्टा वापरून दोनदा सराव करा.

चालता-बसता येणाऱ्या, १० ते २० किलोच्या मुलासाठी केअर्स नावाचा खांद्याचा पट्टा मिळतो. तो सीटच्या पाठीला अडकवतात. वजनाला हलका आहे आणि बॅगेत मावतो. त्याहून लहान बाळाला तो चालत नाही.

चौथी पायरी: बसायची जागा

बाळ मांडीवर असेल तर वाटेलगतची सीट टाळा. ट्रॉलीचा कोपरा बाळाच्या पायाला लागतो, गरम कप डोक्यावरून जातात, वरचा कप्पा उघडला की बॅग खाली येऊ शकते. खिडकीजवळ आई आणि वाटेकडे दुसरं मोठं माणूस, ही मांडणी उत्तम.

लांबच्या विमानांत पुढच्या भिंतीवर लावायची बासिनेट, म्हणजे बाळाची टोपली, मिळते. ती आधी मागावी लागते. वजनाची मर्यादा बहुधा १० ते ११ किलोच्या आसपास, पण कंपनीनुसार बदलते. उड्डाण, उतरणं आणि पट्ट्याचा दिवा लागलेला असताना बाळाला तिच्यातून बाहेर काढावंच लागतं. झोपलेलं बाळ उचलायचं जिवावर येतं, हे मान्य. पण टोपलीला धक्का सोसणारा पट्टा नसतो. दिवा लागला की उचला, क्रूने सांगण्याची वाट पाहू नका.

फार थोड्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट: ऑक्सिजनचे मास्क दर सीटला एक असतात आणि जादा मास्क फक्त ठरावीक जागी असतो. म्हणूनच सीटच्या एका गटात मांडीवरचं एकच बाळ बसवतात. मैत्रिणीशेजारी बसायचं म्हणून परस्पर जागा बदललीत तर तुमच्या बाळाच्या डोक्यावर मास्कच नसेल. बदलायची असेल तर क्रूला विचारून.

पाचवी पायरी: हातातली बॅग

वरच्या कप्प्यात मोठी बॅग आणि पायाशी छोटी पिशवी. पट्टा लागलेला असताना फक्त पायाशी असलेलंच हाती येतं. तिच्यात दोन-तीन डायपर, ओले रुमाल, एक दुपटं, दूध, चोखणी आणि औषधं. मोठ्या बॅगेत लागतील तेवढे डायपर आणि उशीर झाला तर म्हणून त्याच्या निम्मे आणखी. बाळाचे दोन जोड कपडे आणि तुमच्यासाठी एक सदरा. हा सदरा सगळे विसरतात आणि पहिल्या उलटीनंतर आठवतो.

दुधाचे नियम नीट पाळायचे असतात. काढलेलं आईचं दूध खोलीच्या साध्या तापमानात चार तास आणि गोठलेल्या आइसपॅकसह थर्मल पिशवीत चोवीस तास टिकतं. पावडरीचं दूध कालवल्यावर दोन तासांत संपवायचं, आणि बाळाने तोंड लावल्यापासून एका तासात. उरलेलं फेकायचं, पुन्हा गरम करून द्यायचं नाही. पावडर मोजून कोरड्या डब्यांत भरून न्या आणि पाणी उकळून थर्मासमध्ये. विमानातल्या नळाचं आणि टाकीचं पाणी बाळाला देऊ नका, चहाच्या यंत्रातलं गरम पाणीही त्याच टाकीचं असतं. तयार पातळ फॉर्म्युला मिळत असेल तर प्रवासापुरता तो घेणं सगळ्यात सोपं.

सहावी पायरी: सुरक्षा तपासणी

२००६ पासून हातातल्या द्रवांना १०० मिलिलिटरची मर्यादा आली, पण बाळाचं दूध, फॉर्म्युला आणि मऊ आहार बहुतेक देशांत प्रवासाला पुरेल एवढा नेऊ देतात. पिशवी पट्ट्यावर टाकण्याआधी स्वतःहून सांगा आणि वेगळं काढून ठेवा.

बाळगाडी घडी करून यंत्रातून जाते, बाळ तुमच्या कडेवरून. हे सांगायला नको असं वाटेल. पण २००६ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर एका आजीने महिन्याच्या नातवाला ट्रेमध्ये ठेवून थेट क्ष-किरणांच्या यंत्रात सरकवलं होतं. बाळ सुखरूप राहिलं. घाईत आणि अपुऱ्या झोपेत शहाणी माणसंही काय करतील, याचा नेम नाही. म्हणून दोघं असाल तर आधी ठरवा: एकाकडे बाळ, दुसऱ्याकडे सामान. मध्येच अदलाबदल नाही.

सातवी पायरी: बसल्यावर पट्टा

बाळ मांडीवर असेल तर युरोपात आणि इतर अनेक ठिकाणी क्रू एक छोटा जोडपट्टा देतात. त्याच्या कडीतून आधी तुमचा पट्टा ओवून लावायचा, मग छोटा पट्टा बाळाच्या कमरेभोवती. अमेरिकी कंपन्यांत तो चालत नाही, कारण मोठ्या धक्क्यात बाळ आईच्या शरीराखाली दबण्याचा धोका असतो. माझं मत असं: हादऱ्यात बाळ हातातून उडू नये एवढं काम तो करतो. मिळत असेल तर लावा, आणि पूर्ण प्रवासभर लावून ठेवा. पण त्याला कार सीटच्या जागी मानू नका.

जे कधीच करायचं नाही ते असं: स्वतःचाच पट्टा सैल करून बाळाला त्यात आपल्याबरोबर घेणं. धक्का बसला की तुमचं सगळं वजन पट्ट्यावर येतं आणि मध्ये बाळ असतं. पोटाशी बांधायची झोळीही उड्डाणाला आणि उतरताना बहुतेक ठिकाणी काढायला लावतात. आकाशात विमान स्थिर असताना येरझाऱ्या घालायला मात्र तिच्यासारखं दुसरं काही नाही.

विमानातली हवा गाळण्या लावून सारखी बदलली जाते, त्यामुळे हवेची फार काळजी नको. बाळ जे चाटणार आहे ते पुसून घ्या: टेबल, हाताच्या दांड्या, पट्ट्याची कडी. सीटच्या फटीत हात घालून आधीच्या प्रवाशाने पाडलेले दाणे, गोळ्या, नाणी काढा. ते बाळाला तुमच्या आधी सापडतं.

आठवी पायरी: हवेत असताना

गरम पेयांचा नियम आमच्या घरी ठरलेला आहे. ज्याच्या मांडीवर बाळ, त्याने चहा घ्यायचा नाही. शेजाऱ्याला द्यायचा कप बाळावरून न देता दुसऱ्या बाजूने द्यायला सांगायचा, आणि ट्रॉली आली की बाळाचे हात आपल्या हातात धरायचे. तरीही सांडलंच तर लगेच भिजलेले कपडे काढा आणि भाजलेल्या जागी साधं गार पाणी वीस मिनिटं ओतत राहा. बाटल्या मागवा, लाज बाळगू नका. बर्फ लावू नका, मलम-पेस्ट काही फासू नका, आणि बाळाचं बाकीचं अंग पांघरुणाने उबदार ठेवा. क्रूला सांगा, ते विमानात डॉक्टर आहे का ते विचारतात.

दुसरा धोका शांत असतो म्हणून लक्षात येत नाही: झोप. रात्रीचं विमान, अंधार, दोन दिवसांचा थकवा आणि छातीवर बाळ. आई पेंगते, बाळ घसरून तिच्या काखेत किंवा सीटच्या कोपऱ्यात जातं, नाक दाबलं जातं. दोघं असाल तर पाळ्या लावा, घड्याळ लावून. एकटे असाल तर बासिनेट किंवा कार सीट जवळपास अनिवार्य समजा. टोपलीत बाळ पाठीवर झोपवायचं, उशी नको, चेहऱ्यावर पांघरूण नको. उजेड येतो म्हणून टोपलीवरून चादर टाकणारे बरेच दिसतात, त्याने आतली हवा कोंडते आणि तापते. कार सीटमध्ये हनुवटी छातीला टेकली नाही ना, हे अधूनमधून पाहा. गरम होतंय का हे मानेमागे हात लावून कळतं, हातापायांवरून नाही.

पुढच्या रांगेत पायाशी चादर अंथरून बाळ झोपवण्याची एक पद्धत आहे. कृपा करून नको. तिथे पट्टा नाही, मास्क पोचत नाही आणि अंधारात कुणाचाही पाय पडतो.

‘थोडं झोपेचं औषध द्या, प्रवास सोपा होईल’ असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. गुंगी आणणारी सर्दी-ॲलर्जीची औषधं बाळाला देऊ नका. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा ठळक इशाराच आहे, कारण त्याने श्वास मंदावून मृत्यू झाले आहेत. आधीच ऑक्सिजन कमी असलेल्या हवेत श्वास मंदावणारं औषध म्हणजे काय, ते तुम्हीच पाहा. शिवाय काही मुलं या औषधांनी झोपण्याऐवजी जास्तच बेचैन होतात.

केबिनची हवा फार कोरडी असते, म्हणून दूध नेहमीपेक्षा थोडं वरचेवर पाजा आणि डायपर ओला होतोय ना, ते पाहत राहा. डायपर बदलायला स्वच्छतागृहात भिंतीला घडीची फळी असते. एक हात कायम बाळाच्या पोटावर. ओठ किंवा जीभ निळसर दिसली, बाळ कण्हत श्वास घेऊ लागलं, नाकपुड्या फुलू लागल्या किंवा उठवूनही नीट जागं होईना, तर क्षणभरही थांबू नका. क्रूकडे ऑक्सिजनचा सिलिंडर असतो आणि जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय बऱ्याच कंपन्यांत असते.

नववी पायरी: उतरताना कान

मधला कान आणि घसा यांना जोडणारी बारीक नळी असते. विमान चढताना कानातली हवा तिच्यातून आपोआप बाहेर पडते. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, नळी दाबली जाते आणि हवा आत शिरत नाही. गिळलं की नळी क्षणभर उघडते. म्हणून खरं काम उतरतानाचं. चढताना बाळ झोपलेलं असेल तर झोपू द्या.

विमान टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी उंची कमी व्हायला लागते. त्या वेळेसाठी भूक राखून ठेवा. तासभर आधी पोटभर पाजलंत तर नेमकं तेव्हा बाळ तोंड फिरवतं. झोपलं असेल तर हळूच उठवा, कारण झोपेत गिळणं कमी होतं. डोकं उंच धरून अंगावर किंवा बाटलीने थोडं थोडं पाजा. पीतच नसेल तर चोखणी. तीही नको असेल तर रडू द्या. रडतानाही नळी उघडते, आणि आजूबाजूच्या नजरांना कान नसतात.

मोठं संकट आलं तर

मास्क खाली आले की आधी स्वतःला लावा, मग बाळाला. आईचा हात उलटा जातो हे ठाऊक आहे. पण ३५,००० फुटांवर केबिनचा दाब गेला तर शुद्ध टिकते ३० ते ६० सेकंद. बाळाला लावण्याच्या झटापटीत तुम्ही बेशुद्ध पडलात तर दोघांनाही कुणी नाही. तुमचा पाच सेकंदांत लागतो.

बसल्यावर दारापर्यंतच्या रांगा मोजा. बाळासाठी वेगळं लाइफ जॅकेट असतं, ते कुठे आहे आणि धक्क्यासाठी बाळाला कसं धरायचं, हे उड्डाणाआधीच क्रूला विचारून ठेवा. बाहेर पडायची वेळ आली तर डायपरची पिशवीही राहू द्या. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. आतल्या ३६७ प्रवाशांत दोन वर्षांखालची आठ मुलं होती. सामान मागे टाकून सगळे प्रवासी आणि १२ कर्मचारी जिवंत बाहेर आले. घसरपट्टीवर बाळाला छातीशी घट्ट धरून, डोकं हाताने सांभाळून उडी घ्यायची.

शेवटी उतरताना

विमान थांबलं, पट्ट्याचा दिवा विझला की सगळे एकदम उठतात आणि वरचे कप्पे धडाधड उघडतात. प्रवासात सरकलेल्या बॅगा नेमक्या याच वेळी डोक्यावर येतात. तुम्ही बसून राहा. बाळाला खिडकीकडे घ्या, वाट मोकळी होऊ द्या. पाच-दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. बाहेर टॅक्सी मिळाली की बाळाला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर कोसळायचा मोह होईल. इतका वेळ वाहून आणलेली कार सीट आधी तिथे लावा, कारण विमानापेक्षा हा रस्त्यावरचा तुकडा जास्त धोक्याचा.